गुरुजींचा पगार कोणाच्या थैलीतून?

शिक्षकाला पगार किती असावा याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. तो कोणी द्यावा याविषयी त्या मानाने फारच थोडे. वास्तविक पाहता पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असते. शहरातील गुरुजींना चार पैसे अधिक आणि खेड्यातील गुरुजींना चार पैसे उणे, असे जेव्हा जेव्हा घडले, तेव्हा दोघांची विद्वत्ता तराजूत घालून कोणी पाहिली नव्हती. दोघांचा पगार ज्या थैलीतून निघे, ती थैली कोणाची आणि केवढी, यावरच सारा हिशेब ठरत होता. या थैलीचा इतिहास जालना जिल्ह्याच्या भूमीवरून पाहावा, असा माझा आजचा विचार आहे.

जालनाच का, असे कोणी विचारील. हा जिल्हा म्हणून वयाने लहान. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके व परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून तो झाला. भूमी मात्र जुनी आणि अनेक राजवटी पाहिलेली. शिवाय येथे शहर आणि खेडे यांच्यातील अंतर डोळ्यांत भरण्यासारखे आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या बाजारपेठेने मिळवली, ती पेठ एका बाजूला आणि पावसाच्या भरवशावर ज्वारी-कापूस पिकवणारी भोकरदन, घनसावंगी, मंठ्याकडील गावे व तांडे दुसऱ्या बाजूला. पेठेत पैसा खेळतो आणि शिवारात तो सुगीपुरताच दिसतो. अशा ठिकाणी गुरुजींना पोसण्याचे काम ज्याचे त्याने करावे असे ठरले, तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

आरंभी तसेच ठरले होते. सरकारी शाळा येण्यापूर्वी गावोगाव पंतोजींच्या शाळा असत. ओसरीवर किंवा देवळात धुळाक्षरे गिरवायची, पाढे म्हणायचे, आणि पंतोजींचे वेतन मुलांच्या पालकांनी द्यायचे. कोणी पैसा दिला, कोणी पायली-दोन पायली धान्य दिले, कोणी सणावारी शिधा दिला. पेठेतल्या पंतोजींकडे सावकाराची आणि दुकानदाराची मुले येत. त्यांना हिशेब, मोडी आणि व्याजाची कोष्टके हवी असत आणि त्यासाठी त्यांचे बाप मोबदलाही देत. खेड्यातल्या पंतोजींचे पोट पिकाबरोबर वरखाली होई. दुष्काळ पडला की शाळा बंद, कारण पंतोजींनाही गाव सोडावे लागे. शिक्षकाचा पगार गावाच्या ऐपतीवर सोडला की विद्याही गावाच्या ऐपतीएवढीच राहते, हा धडा येथेच मिळाला होता. तो पुढे पुन्हा पुन्हा विसरला गेला.

या भागाच्या शेजारी, मुंबई इलाख्यात, इंग्रजी अंमल होता. तेथे काय चालले होते ते प्रथम पाहिले पाहिजे, कारण पुढे 1956 साली आपली शाळाखाती त्याच घरात जाऊन मिळाली. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा अशी लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे गेला. म्हणजे खेड्यातील शाळेचा भार खेडुताच्या साऱ्यावर पडला. 1882 साली हंटर आयोग बसला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे जे निवेदन केले, त्यात शिक्षकांच्या पगाराचा मुद्दा आहे. प्राथमिक शिक्षकाचे वेतन 12 रुपयांपेक्षा कमी नसावे आणि मोठ्या गावांत ते निदान 15 ते 20 रुपये असावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना शेती व आरोग्य यांचे ज्ञान असावे, आणि गावच्या हिशेबतपासनीसाचे किंवा टपालाचे काम त्यांच्याकडे देऊन त्यांची प्रतिष्ठा वाढवावी, असेही जोतीरावांनी सुचवले होते.

या मागणीतील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. मोठ्या गावात अधिक वेतन असावे हे जोतीरावांनी मान्य केले. परंतु त्याआधी त्यांनी एक तळ घालून दिला. लहानातल्या लहान गावातही 12 रुपयांच्या खाली कोणी उतरू नये, हा तो तळ होय. वरचा मजला किती उंच करायचा ते मागाहून पाहता येईल, आधी जोते भक्कम करा, असा हा व्यवहारी विचार होता. हंटर आयोगाने पुढे शहरांचा आणि ग्रामीण भागाचा शिक्षणनिधी वेगवेगळा ठेवावा अशी शिफारस केली. खेड्याचा पैसा शहराने खाऊ नये हा तिचा हेतू चांगला होता. पण थैल्या वेगळ्या केल्या की त्यांचे आकारही वेगळे राहतात. 1923 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या हाती गेला. 1947 च्या कायद्याने सरकारचा हात त्यात पुन्हा मजबूत झाला, तरी जिल्ह्यासाठी जिल्हा स्कूल बोर्ड आणि मोठ्या नगरपालिकांसाठी त्यांची स्वतःची स्कूल बोर्डे ही दुहेरी मांडणी कायम राहिली.

आता सरहद्द ओलांडून निजामी मुलखात येऊ. येथे चित्र निराळे होते. सरकारी शाळेतील शिक्षक हा हैदराबाद सरकारच्या तालीमात खात्याचा नोकर होता. प्राथमिक शाळेला तहतानिया, माध्यमिकच्या पहिल्या टप्प्याला वस्तानिया आणि हायस्कुलाला फौकानिया म्हणत. शिक्षक म्हणजे मुदर्रिस, मुख्याध्यापक म्हणजे सदर मुदर्रिस, आणि महिन्याच्या पगाराला शब्द तनखा. कारभार उर्दूत आणि फसली सनावर चाले. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू झाले, तेव्हा मराठी घरातील शिक्षकाला वरची पायरी चढायची तर आधी उर्दूची पायरी चढणे भाग पडू लागले. जालन्याच्या पेठेतील मुदर्रिस आणि भोकरदनकडचा मुदर्रिस यांच्या तनख्याची थैली मात्र एकच, हैदराबादच्या खजिन्याची होती.

हा तनखा हाली सिक्क्यात मिळे. हाली रुपया आणि इंग्रजी मुलखातील कलदार रुपया यांचा भाव सात हाली म्हणजे सहा कलदार असा होता. एखाद्याला 35 हाली तनखा असेल, तर सरहद्दीपलीकडे त्याचे 30 कलदारच होत. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमुळे जालन्याच्या व्यापाऱ्याचा मुंबईशी रोजचा संबंध होता. तो हा बट्टा आपल्या भावात धरून घेई. मुलाला पुण्याला शिकायला ठेवणाऱ्या मास्तराला तो बट्टा स्वतःच्या खिशातून भरावा लागे. हाली सिक्का 1959 साली चलनातून पूर्णपणे बाद झाला, तेव्हा हा हिशेब संपला.

एक थैली असल्यामुळे निजामी राज्यात शहर आणि खेडे यांच्यात न्याय झाला, असे मात्र कोणी समजू नये. येथे काटकसर दुसऱ्याच मार्गाने झाली. खेड्यातील मास्तराला कमी पगार देण्याऐवजी असंख्य खेड्यांना मास्तरच दिला गेला नाही. 1951 च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरांचे प्रमाण शंभरी दहापर्यंतही पोचलेले नव्हते, ही त्या काटकसरीची पावती आहे. ज्या शिक्षकाची नेमणूकच होत नाही, त्याच्याइतका स्वस्त शिक्षक दुसरा नाही. वेतनाची तुलना करताना आपण नेहमी नेमलेल्यांची तुलना करतो; न नेमलेल्यांचा रकाना कोऱ्या कागदासारखा असतो आणि म्हणून तो नजरेतून सुटतो.

सरकारने सोडलेली जागा भरून काढण्याचे काम काही प्रमाणात इतरांनी केले. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेथेल ही वसाहत उभारली, आणि मिशनच्या पैशावर चालणाऱ्या शाळा या भागाने पाहिल्या. औरंगाबादेस 1915 मध्ये सरस्वती भुवन, सेलूस 1939 मध्ये नूतन विद्यालय, अशा संस्था लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. खाजगी शाळा काढायला सरकारी परवानगीचा जाच असतानाही त्या उभ्या राहिल्या, याचे श्रेय पुष्कळसे अल्प वेतनावर राबणाऱ्या शिक्षकांकडे जाते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अनेक कार्यकर्ते याच शाळांतून निघाले. परंतु त्याग ही संस्थेची सुरुवात असू शकते, तिचे अंदाजपत्रक असू शकत नाही. शिक्षकाच्या त्यागावर शाळा एक पिढी चालते. दुसऱ्या पिढीला तनखा लागतोच.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद मुक्त झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्या वेळी एका राज्यात प्राथमिक शिक्षकांच्या तीन तऱ्हा नांदत होत्या. पश्चिम महाराष्ट्रात स्कूल बोर्डांचे शिक्षक, विदर्भात जनपद सभांच्या परंपरेतले शिक्षक, आणि मराठवाड्यात थेट सरकारचे शिक्षक. तिघांचे काम एकच, पण धनी वेगळे आणि नोकरीच्या शर्तीही वेगळ्या. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961 साली झाला, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कारभार पाहू लागल्या, आणि हे तीन प्रवाह एका पात्रात आले. व्यवस्थापन जिल्हा परिषदेकडे आणि पगाराचा भार राज्याच्या तिजोरीवर, ही आजची घडी त्या वेळी बसली. शहरांमध्ये मात्र नगरपालिकांच्या शाळा वेगळ्याच राहिल्या; तेथे राज्याचे अनुदान आणि नगरपालिकेचा वाटा असा जोडगाडा चालू राहिला.

यानंतरची दोन दशके समानतेच्या मागणीची होत. डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (1964–66) सांगितले की, समान पात्रतेच्या आणि समान जबाबदारीच्या शिक्षकांचे वेतन व्यवस्थापन कोणतेही असले तरी समान असावे. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या महाराष्ट्रातले. पुढे 1977 च्या खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या अधिनियमाने मान्यताप्राप्त खाजगी शाळांनाही ठराविक वेतनश्रेणीचे बंधन घातले. 1977–78 च्या हिवाळ्यात सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांनी, शिक्षकांसह, केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून 54 दिवसांचा संप केला. ज्यांनी तो संप पाहिला त्यांना ठाऊक आहे की, वेतनश्रेणीचा तक्ता केवळ सचिवालयाच्या टेबलावर तयार होत नाही. ऐंशीच्या दशकात आलेल्या चट्टोपाध्याय आयोगाचे नाव तर शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात रुळले. 12 वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि 24 वर्षांनी निवडश्रेणी ही कल्पना त्यातून आली.

आपण काय मिळवले याची किंमत कळण्यासाठी क्षणभर दूर अमेरिकेत डोकावू. त्या श्रीमंत देशात शाळांचा कारभार स्थानिक शाळा-जिल्ह्यांकडे असतो, आणि त्या त्या भागातील घरे व जमीन यांवरील कर हा त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार असतो. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहरात एजवूड हा गरीब वस्तीचा आणि अलामो हाइट्स हा सुखवस्तू उपनगराचा, असे दोन शाळा-जिल्हे आहेत. 1967–68 साली एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे 356 डॉलर खर्च होत, तर अलामो हाइट्समध्ये 594. आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही इतकी ती कडू आहे, की एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर 1.05 डॉलर कर भरत होते आणि अलामो हाइट्सचे लोक फक्त 0.85. जास्त दराने कर भरूनही थैली लहान, कारण घरेच स्वस्तातली. एजवूडचे जवळजवळ निम्मे शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते. दिमेत्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालकांनी दावा लावला. 1973 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. टेक्सासच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे एजवूडच्या बाजूने कौल दिला, तोपर्यंत 1989 साल उजाडले होते.

या कथेत आणि आपल्या पंतोजींच्या कथेत तत्त्वतः फरक नाही. दोन्हीकडे शिक्षकाची थैली गावाच्या कमरेला बांधलेली. आपण ती सोडवून राज्याच्या तिजोरीला बांधली. परिणामी जाफराबादच्या टोकाच्या गावातील जिल्हा परिषदेचे नियमित गुरुजी आणि पुण्यातील अनुदानित प्राथमिक शाळेतील नियमित गुरुजी यांचे मूळ वेतन आज एकाच तक्त्यातून निघते. सातव्या वेतन आयोगानुसार, 1 जानेवारी 2016 पासूनच्या तक्त्यात, प्राथमिक शिक्षकाची सुरुवात 29,200 रुपयांवर आहे. जोतीरावांनी मागितलेला तळ, निदान नियमित शिक्षकापुरता, घातला गेला. ही साधी गोष्ट नव्हे.

मग फरक उरलाच नाही काय? उरला आहे, आणि त्यातला एक उघड आहे. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो. सातव्या आयोगाच्या आरंभीच्या दराने मुंबई-पुण्यासारख्या शहरांना 24 टक्के, छत्रपती संभाजीनगरच्या वर्गातील शहरांना 16 टक्के आणि जालना शहरासह इतर सर्व गावांना 8 टक्के; महागाई भत्ता वाढला की हे दरही ठरल्याप्रमाणे वर जातात. 29,200 वर हिशेब केला तर पुण्यात 7,008, संभाजीनगरात 4,672 आणि जालन्यात 2,336 रुपये होतात. शहरात भाडे जास्त म्हणून भत्ता जास्त, हे तर्काला धरूनच आहे. पण या तर्कात खेड्याचा स्वतःचा खर्च बसत नाही. खेड्यात भाडे कमी असते, कारण पुष्कळदा भाड्याने मिळण्याजोगे घरच नसते. दवाखाना, मुलांचे कॉलेज, बाजार यांसाठी तालुक्याला जावे लागते, आणि त्या एस. टी.च्या भाड्याचा रकाना वेतनपत्रकात नाही.

म्हणून मग गुरुजी शहरात राहतात आणि रोज ये-जा करतात. मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेतला जातो, यावरून 2022 साली विधानसभेत आणि बाहेर बरेच रण माजले. शिक्षकांनी गावात राहावे ही अपेक्षा रास्त आहे. गावाने आणि सरकारने त्यांना राहण्याजोगे घर द्यावे, हीही तितकीच रास्त आहे. वेतन समान झाले की गैरसोय नाहीशी होत नाही. ती पगाराच्या रकान्यातून उठून बदलीच्या रकान्यात जाऊन बसते. 2017 साली सरकारने शिक्षकांच्या बदल्यांसाठी ‘सर्वसाधारण’ आणि ‘अवघड’ अशी क्षेत्रे ठरवली, त्यात याच सत्याची कबुली आहे. जे गाव अवघड आहे असे सरकारच लिहून देते, तेथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या मुलांना मात्र बदलीचा अर्ज करता येत नाही.

दुसरा फरक याहून गंभीर आहे आणि तो शहर-खेडे या रेषेने जात नाही. तो एकाच शाळेच्या एकाच शिक्षकखोलीतून जातो. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. पात्रता पूर्ण, काम पूर्ण, आणि पहिली तीन वर्षे ठोक मानधन. प्राथमिकला ते महिना 3,000 रुपये होते, पुढे 6,000 झाले आणि 1 जानेवारी 2023 पासून 16,000 झाले. शेजारच्या वर्गावर रुजू झालेल्या नियमित शिक्षकाचे केवळ मूळ वेतन याच्या पावणेदोन पटीहून अधिक आहे; भत्ते निराळेच. त्याच सुमारास तांडे, वस्त्या, शेतातील आखाडे येथे वस्तीशाळा निघाल्या. तेथील स्वयंसेवकांनी तुटपुंज्या मानधनावर वर्षे काढली, आणि 2014 च्या मार्चमध्ये ते नियमित सेवेत आले. तिसरी तऱ्हा विनाअनुदानित शाळांची. कायद्याने वेतनश्रेणी आहे, पण ती द्यायला थैलीच नाही. ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ शब्द 2009 साली गळला आणि 20 टक्क्यांचा पहिला हप्ता द्यायला 2016 साल उजाडले. मधल्या काळात असंख्य शिक्षकांनी सुटीच्या दिवशी शेतात किंवा दुकानात काम करून शाळा चालवली.

या तिन्ही तऱ्हांकडे एकत्र पाहिले की आपली जुनी ओळखीची मूर्ती दिसते. निजामी राज्यात शिक्षक न नेमून पैसा वाचवला. पुढे नेमून, पण पूर्ण न नेमता वाचवला. आणि वाचवण्याची ही कात्री जेथे चालते ती जागाही फारशी बदललेली नाही. वस्तीशाळा शहराच्या मध्यवस्तीत निघाली नव्हती, ती तांड्यावर निघाली. गावाची ऐपत पाहून मास्तर ठरवायचा नाही, हे तत्त्व आपण 1962 साली पुढच्या दाराने घरात आणले, आणि 2000 साली मागच्या दाराची कडी काढून ठेवली.

‘इतका पगार घेऊन गुरुजी करतात काय?’ असा प्रश्न पेठेत आणि पारावर वारंवार ऐकू येतो. तो विचारण्याचा अधिकार समाजाला जरूर आहे, आणि चांगल्या शिक्षकाला त्याची भीती वाटण्याचे कारण नाही. परंतु तो प्रश्न विचारताना त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. आमच्या गावच्या शाळेत किती जागा मंजूर आहेत आणि त्यांपैकी किती भरलेल्या आहेत? भरलेल्यांपैकी किती जण पूर्ण वेतनावर आहेत? आणि गुरुजींनी गावात राहावे म्हणून गावात काय आहे? हे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दरवर्षी लिहिले गेले, तर पगाराविषयीची चर्चा अधिक शहाणपणाची होईल.

जोतीरावांनी 12 रुपयांचा तळ मागितला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे लहान गावातील शेतकऱ्याचे मूल होते. ते मूल जालन्याच्या पेठेत जन्मले की मंठ्याच्या तांड्यावर, यावरून त्याच्या गुरुजींची किंमत ठरू नये, एवढेच त्या मागणीचे सार आहे. महाराष्ट्राने हे तत्त्व मान्य करायला सुमारे ऐंशी वर्षे घेतली. मान्य केलेले तत्त्व एका योजनेच्या परिपत्रकाने पातळ होऊ द्यायचे की नाही, याचा निर्णय सचिवालयाइतकाच आपल्याही हाती आहे.